वॅट जुळले, ओहमचे काय?

महोदय,

आपल्या पुरवणीतील बास गिटारच्या साधनांवरील लेखात ‘कॅबिनेटचे वॅट अ‍ॅम्पपेक्षा जास्त ठेवा, मग काळजी नाही’ असा सल्ला दिला आहे. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. कॅबिनेट (स्पीकरची पेटी) हजार वॅटचे असले तरी ओहम, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, चुकले, तर अ‍ॅम्प जळू शकतो. लेखासोबतच्या तक्त्यात ओहमचा रकानाच नाही. तो पुढच्या वेळी जरूर द्यावा.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या पाठीमागे ‘किमान ४ ओहम’ असे काहीतरी छापलेले असते. त्याहून जास्त ओहमचे कॅबिनेट बिनधास्त लावावे, फक्त ताकद कमी मिळते. ४ ओहमला ५०० वॅट देणारा अ‍ॅम्प ८ ओहमला साधारण २५० ते ३०० वॅट देतो. खाली उतरणे मात्र महागात पडते. २ ओहमचा लोड (कॅबिनेटचा भार) दिला की तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढला जातो आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापतात. नशीब चांगले असेल तर प्रोटेक्शन सर्किट अ‍ॅम्प बंद करते. नसेल तर ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो, स्पीकरमध्ये थेट डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) शिरतो आणि त्याची कॉइलही, म्हणजे पडदा हलवणारे तारेचे वेटोळे, जाते.

खरा घोळ दुसरे कॅबिनेट जोडताना होतो. मागचे दोन स्पीकर सॉकेट बहुतेक अ‍ॅम्पमध्ये आतून समांतरच असतात. पहिल्या कॅबिनेटमधून दुसऱ्यात वायर नेली म्हणजे जोडणी एकसर (सिरीज) झाली, हा समज सर्रास आढळतो. पण कॅबिनेटवरचे सॉकेटही समांतरच असतात. त्यामुळे ८ ओहमची दोन मिळून ४ ओहम, ४ ची दोन मिळून २, तर ८ आणि ४ मिळून सुमारे २.७. ८ ओहमची तीन लावली तरी तेवढेच. म्हणजे किमान ४ ओहमच्या अ‍ॅम्पवर ८ ओहमची दोनच कॅबिनेट, तिसरे नाही. कॅबिनेटवरची चिठ्ठी पुसली असेल तर केबल अ‍ॅम्पमधून काढून तिच्या मोकळ्या टोकावर मल्टिमीटर लावावा. ८ ओहमचे कॅबिनेट साधारण साडेपाच ते सात दाखवते, ४ चे तीन ते पावणेचार. मीटर कमी दाखवतो कारण तो फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रोध मोजतो.

ओहम जुळले तरी वाटणीचा हिशोब उरतोच. चार दहा इंची स्पीकरचे एक आणि एकाच पंधरा इंचीचे दुसरे, अशी ८ ओहमची दोन कॅबिनेट ५०० वॅटवर लावली तर प्रत्येकाला २५० वॅट मिळतात. दहा इंचीच्या वाट्याला प्रत्येकी जेमतेम ६२ येतात, पंधरा इंचीला मात्र एकट्याने २५० सोसावे लागतात. मर्यादा त्याचीच धरावी, दोन्ही कॅबिनेटच्या वॅटची बेरीज करू नये.

ट्यूब (व्हॉल्व्हच्या) अ‍ॅम्पचे नियम वेगळे. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून ओहम निवडण्याच्या सिलेक्टरवरचा आकडा आणि कॅबिनेटचे ओहम जुळायलाच हवेत. १९६९ साली आलेल्या अँपेग एसव्हीटी या बास अ‍ॅम्पच्या ३०० वॅटच्या हेडला (स्पीकरविना असलेल्या अ‍ॅम्पला) २ आणि ४ ओहमची सोय होती. त्याच्या कॅबिनेटमधले आठ दहा इंची स्पीकर प्रत्येकी ३२ ओहमचे, समांतर जोडलेले, म्हणून एकूण ४ ओहम. तशी दोन कॅबिनेट लावली की २. ट्यूब अ‍ॅम्प कॅबिनेट न लावता कधीही वाजवू नये. लोड नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळते, ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा वाइंडिंगचे इन्सुलेशन फुटते.

केबलकडे कुणी पाहतच नाही. गिटारची शिल्डेड केबल स्पीकरला लावू नये: आतली तार बारीक असते, ती तापते, इन्सुलेशन वितळले की शॉर्ट. दीड ते अडीच चौरस मिलिमीटरच्या दोन जाड तारांची स्पीकर केबलच हवी. पाव इंची जॅक घालता-काढताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो, म्हणून आधी केबल, मग पॉवर. स्पीकॉन (स्पीकरसाठीचा खास कनेक्टर) जिथे आहे तिथे तोच वापरावा. तो फिरवून लॉक होतो आणि वाजवताना निसटत नाही. हलक्या क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या) हेडपैकी अनेकांत स्पीकरची दोन्ही टोके जिवंत असतात. त्यातले ‘मायनस’ टोक अर्थला किंवा दुसऱ्या साधनाच्या ग्राउंडला टेकवले तर अ‍ॅम्प गेला.

आता वॅटविषयी. जाहिरातीतला ‘पीक’ आकडा सोडून आरएमएस (सलग सोसवणारी ताकद) बघावा. तोही कॉइल किती उष्णता सोसेल एवढेच सांगतो; कोन (स्पीकरचा पडदा) किती अंतर पुढे-मागे जाईल हा प्रश्न निराळा. चार तारांच्या बासची खालची ई सुमारे ४१ हर्ट्झची, पाच तारांची बी ३१ हर्ट्झची. बास नॉब ६ डेसिबल चढवला की त्या सुरांना चौपट ताकद लागते. पोर्ट (हवेचे भोक) असलेले कॅबिनेट ट्यूनिंगच्या, म्हणजे ते ज्या हर्ट्झला जुळवलेले असते त्याच्या, खाली गेले की आतल्या हवेचा कोनवरचा धाक सुटतो, आणि ५०० वॅटचा स्पीकर त्याच्या निम्म्या ताकदीतही फाटका आवाज देऊ लागतो. अशा वेळी मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) नव्हे, आधी बास नॉब खाली आणावा. ३० ते ३५ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) लावल्यास ऐकण्यात फारसा फरक पडत नाही, स्पीकर मात्र वाचतो.

‘लहान अ‍ॅम्पने मोठा स्पीकर उडतो’ हे वाक्य इतके फिरले आहे की कुणी तपासत नाही. अ‍ॅम्प पूर्ण क्लिप झाला (क्षमतेबाहेर जाऊन लहरीचे शेंडे कापू लागला) की २०० वॅटचा जवळपास ४०० देतो, एवढेच. ८०० वॅटच्या वूफरला (खालच्या सुरांच्या स्पीकरला) त्याचे काही नाही. जातो तो ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर), कारण क्लिपिंगमध्ये वरच्या हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतल्या लहरी) वाढतात.

वापरलेले कॅबिनेट घेताना जाळी काढून कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाबत हलकेच आत लोटावा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे. मग केबलच्या मोकळ्या टोकाला नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवावी, धन टोक धनाला. सगळे कोन पुढे यायला हवेत. एखादा मागे गेला तर दुरुस्तीत त्याच्या तारा उलट्या लागल्या आहेत. असा स्पीकर बाकीच्यांचा खालचा सूर खाऊन टाकतो, वादक तो भरून काढायला बास नॉब चढवत राहतो आणि चांगले स्पीकर त्यातच जातात.

आपला,
एक ध्वनितंत्रज्ञ