गाव म्हणजे मुंबईकरांचा माळा नव्हे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घर आवरण्याविषयीचे लेख दरवर्षी आपल्या पुरवणीत येतात आणि मी ते आवडीने वाचते. यंदाच्या लेखात ‘सहा महिन्यांत जिला हात लागला नाही ती वस्तू निःशंकपणे काढून टाका’ असा सल्ला आहे. त्यावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला किरकोळ आहे. या हिशेबाने चकलीचा सोऱ्या, गणपतीचा चौरंग, पुरणयंत्र आणि घरातल्या सगळ्या छत्र्या मार्च महिन्यातच बाहेर जातील. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो ‘काढून टाका’ या दोन शब्दांवरच आहे. काढलेली वस्तू टाकायची कुठे, याविषयी लेखात एक ओळही नाही. आम्ही मुंबईकरांनी तो प्रश्न ज्या रीतीने सोडवला आहे ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्यात मीही आहे.

आमची लालबागची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ २०११ साली आली. खोली जेमतेम सव्वादोनशे चौरस फुटांची होती, पण तिच्या निम्म्या छताखाली माळा होता आणि त्या माळ्यावर सासूबाईंचा चाळीस वर्षांचा संसार होता. तांब्याचा बंब, रेशनच्या रॉकेलवर चालणारे दोन स्टोव्ह, श्रीखंडाचे रिकामे डबे एकात एक घातलेले, कुकरच्या सैल झालेल्या रबरी कड्या सुतळीत ओवलेल्या, मामंजींच्या छातीचे एक्स-रे आणि १९८७ पासूनची विजेची बिले. बंबाची चिंता नव्हती. तांब्यापितळेला मोड मिळते. तांबाकाट्याच्या भांडीबाजारात नेला, वजन झाले, पैसे घेऊन घरी आलो. रद्दी रद्दीवाल्याने नेली. उरलेल्या सगळ्याचे उत्तर आमच्या घरात एकच होते आणि ते लालबाग-परळच्या शेकडो घरांत तेच असते : गावाला पाठवून द्या.

त्याप्रमाणे संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घरी टेम्पो गेला. त्यात १९९२ साली घेतलेला आणि थंड करणे सोडून दिलेला फ्रिज होता, जुना जाडजूड टीव्ही होता, भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे कपाट होते, फोमच्या दोन गाद्या होत्या. ‘गावाला होतील उपयोगी’ असे आम्ही सर्वांनी एकमेकांना सांगितले. तो फ्रिज आज पडवीत उभा आहे. त्याच्या दाराचे रबर उंदरांनी खाल्ले आहे, तळ गंजून त्याचे पोपडे सुटतात आणि दार काथ्याने बांधून ठेवावे लागते. जाऊबाईंनी काही वर्षे त्यात बियाणाचे कडधान्य ठेवून पाहिले, पण त्याला कुबट वास लागला म्हणून तेही बंद केले. कपाट पहिल्याच पावसाळ्यात फुगले. त्यांनी आम्हाला कधी बोलून दाखवले नाही, पण गेल्या गणपतीत आरतीला पडवीत माणसे मावेनात तेव्हा त्या फ्रिजकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ते पुरेसे होते.

जुन्या घरांत अडगळ कमी असे, असे मी म्हणणार नाही. सासूबाईंचा माळा मी स्वतः उतरवला आहे. परंतु त्या काळच्या वस्तूला पुढची वाट असे. कापसाची गादी चपटी झाली की पिंजारी दारात येई, त्याच्या तातेचा टणत्कार चाळभर ऐकू जाई आणि तोच कापूस पिंजून नव्या खोळीत भरला जाई. जुन्या खोळीचे पोतेरे होई. नऊवारीची गोधडी होई आणि जी लुगडी गोधडीतही बसत नसत ती बोहारीण नेई, तीही फुकट नव्हे. पातेल्याच्या बुडाला टिचकी मारून घासाघीस झाल्याशिवाय व्यवहार मिटत नसे. सागवानी कपाटाला आजही गिऱ्हाईक मिळते. फोमची गादी मात्र कोणी पिंजत नाही, भुश्याची फळी सुताराच्या कामाची नाही आणि पॉलिएस्टरच्या फाटक्या कुर्त्याने फरशीसुद्धा धड पुसली जात नाही, कारण ते कापड पाणीच टिपत नाही. या वस्तूंना मोड नाही. म्हणूनच पावसाळ्याआधी नाले साफ करताना गाळाबरोबर गाद्या आणि सोफे निघतात. ते नाल्यात टाकणारी माणसे परग्रहावरून येत नाहीत. त्यांनी त्या दिवशी घर आवरलेले असते.

भंगारवाल्याला सगळे द्यावे, असे कोणी म्हणेल. लोखंड, अॅल्युमिनियम, पुठ्ठा, बाटल्या यांबाबत ते अगदी खरे आहे. या शहराचा निम्मा भार त्या हातगाड्यांनी आणि धारावीतल्या कारखान्यांनी उचलला आहे, असे माझे मत आहे. पण फ्रिजची गोष्ट निराळी. भंगारवाल्याला हवे असते फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधले तांबे. त्यासाठी तो नळी कापतो आणि आतला वायू फुस्सकन निघून जातो. आमच्या फ्रिजच्या काळातल्या यंत्रांत जो वायू असे तो ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. या वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांकडेच जाव्यात यासाठी ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत मुख्य जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवा फ्रिज घेताना दुकानदाराला ‘जुना नेणार का, आणि नेऊन कोणाकडे देणार’ असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आपण फक्त ‘जुन्याचे किती कमी कराल’ एवढेच विचारतो.

आता दानाविषयी, जे लिहिणे मला सर्वांत जड जाते. नव्या इमारतीत राहायला येताना, २०१८ साली, मी कपड्यांच्या दोन मोठ्या पिशव्या मुलींच्या एका वसतिगृहात नेऊन दिल्या. धुऊन, इस्त्री करून, नीट घड्या घालून. तेथील बाईंनी ‘बसा’ म्हटले आणि माझ्यासमोरच टेबलावर पिशवी उघडली. एकेक कपडा त्या उचलून उजेडात धरत होत्या. हुका तुटलेला ब्लाउज, चेन अडकणारा पंजाबी ड्रेस, विटलेले परकर, एका पायाचा मोजा. त्यांनी दोन ढीग केले. देण्याजोगा ढीग माझ्या अंदाजापेक्षा फारच लहान झाला. मोठा ढीग पुन्हा पिशवीत भरून माझ्या हाती देत त्या अतिशय सौम्यपणे म्हणाल्या, “बाई, आमच्या मुलींनाही चारचौघांत जायचं असतं हो.” मी ती पिशवी घेऊन बसने परत आले. एवढी जड पिशवी मी आयुष्यात उचललेली नाही.

घरी येऊन पाहिले तर आमच्या घरकाम करणाऱ्या ताईंनाही मी वर्षानुवर्षे हेच देत आले होते. त्यांना नको म्हणता येत नाही, आणि त्यांची खोली माझ्या स्वयंपाकघराएवढी आहे. तेव्हापासून मी स्वतःपुरते एक ठरवले आहे. वस्तू दाखवायची, हवी का विचारायचे आणि ‘नको’ म्हणायला वाव ठेवायचा. भाचीला जी वस्तू द्यायला मी लाजेन ती ताईंना द्यायची नाही. फाटके कापड स्वतःच कापून पुसणी करायची, त्याला दान म्हणायचे नाही.

ही गोष्ट आता एकट्यादुकट्या घराची राहिलेली नाही, म्हणून हे पत्र. वरळीच्या बीडीडी, म्हणजे ब्रिटिशकालीन सरकारी, चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत जाणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. नायगाव आहे, ना. म. जोशी मार्ग आहे, गिरगाव-लालबागच्या खासगी चाळी आहेत. येत्या काही वर्षांत हजारो माळे एकदम खाली उतरणार आहेत. नव्या इमारतींत माळा नसतो, चाळीचा सज्जाही नसतो. मग सामान जिन्याच्या वळणावर, अग्निशमनाच्या नळांच्या कपाटात आणि आगीच्या वेळी माणसांनी थांबावे म्हणून मोकळ्या ठेवलेल्या आश्रय मजल्यावर जाते. आमच्या इमारतीत त्या मजल्यावर सध्या दोन सायकली, एक पाळणा आणि कोणाचा तरी अख्खा पलंग आहे. विचारले तर ‘तात्पुरता ठेवला आहे’ हे उत्तर तयार असते.

यावर एक साधी सूचना आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. त्याच दोन महिन्यांत प्रत्येक सोसायटीने एकेक रविवार मोठ्या सामानासाठी ठरवावा. आधी आठ दिवस फळ्यावर यादी लावावी, कोणाला काय हवे ते इमारतीतच विचारावे, उरलेल्यासाठी एकच टेम्पो आणि दोन हमाल ठरवून खर्च वाटून घ्यावा. सातव्या मजल्यावरची गादी एकट्या माणसाने उतरवून पोहोचवायची म्हटले की तिचा रस्ता नाल्याकडे वळतो. वीस घरांचा टेम्पो असला की तसे होत नाही. महापालिकेच्या विभाग कार्यालयांनी अशा रविवारांचे वेळापत्रक आणि मोठे सामान, ई-कचरा व मुदत संपलेली औषधे कोठे द्यावीत याचे पत्ते सोसायट्यांच्या फळ्यांवर मराठीत लावावेत. आणि आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी घर आवरण्याचा लेख येईल तेव्हा त्याच्या शेजारी हे पत्ते विभागवार छापावेत, ही आपणांस विनंती.

आमच्या फ्रिजबद्दल सांगायचे राहिले. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला येणाऱ्या आमच्या गावच्या टेम्पोवाल्याशी बोलणे झाले आहे. पेट्यांच्या मागे तो फ्रिज उभा बांधून आणायला तयार आहे, मात्र गंज फळांना लागू नये म्हणून ताडपत्री आमची हवी, असे त्याने बजावले आहे. भाड्याचे पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत आणि जाऊबाईंना तसे फोनवर कळवले आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “गाद्या पण न्या.”

आपली,
लालबाग येथील एक वाचक