भिगवणच्या कुरव पक्ष्यांना शेव टाकून फोटो काढायला लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
पक्षी छायाचित्रण सहल विभाग,
पुणे

दिनांक : 19 जानेवारी 2026

विषय : रविवार, 11 जानेवारीच्या भिगवण-कुंभारगाव सहलीचे पैसे परत मिळण्याबाबत आणि मी काढलेला फोटो जाहिरातीतून काढण्याबाबत.

महोदय,

मी बार्शीत लग्नाचे फोटो काढतो. "इकडे बघा, थोडं हसा, आजींना पुढे घ्या" म्हणून वर्षभर माझं तोंड दुखतं. ज्यांना असलं काही सांगावं लागणार नाही आणि सांगितलं तरी जे ऐकणार नाहीत, अशा कुणाचे तरी फोटो काढावेत, एवढ्यासाठी मी तुमच्याकडे 5,500 रुपये भरले. तुमच्या पत्रकात "नैसर्गिक अधिवासातील मुक्त पक्षी" असे शब्द आहेत. पत्रक सोबत जोडलं आहे.

पहाटे तीनला निघून टेंभुर्णीमार्गे मी साडेसहाच्या आत कुंभारगावला पोचलो. लांबचे पक्षी टिपणारी 150-600 मिमीची लेन्स दोन दिवसांच्या भाड्यानं आणली होती. उजनी धरणाच्या पाण्यावर अजून धुकं होतं. होडी सुटून दहा मिनिटं झाली नसतील, तोच तुमच्या मार्गदर्शकानं सॅकमधून शेवेचं अर्धा किलोचं पाकीट काढलं, दातानं फोडलं आणि मूठभर शेव हवेत उडवली. शंभरेक कुरव डोक्यावर आले. "मारा सर, बर्स्ट मारा!" म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो घ्या. सगळे मारत सुटले. खोटं कशाला बोलू, मीही मारले. चारशे बारा फ्रेम.

रात्री लॉजवर लॅपटॉप उघडला. उजेड छान, फोकस डोळ्यावर, पांढरी पिसं जादा उजेडानं कुठं जळालेली नाहीत (नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीवर केलेला सराव कामी आला). पण चोचीत शेव. एका फ्रेममध्ये पिवळी काडी चोचीच्या कडेला आडवी चिकटलीय आणि खाली पाण्यावर तेलाचा तवंग चमकतोय. त्याहून वाईट म्हणजे, चारशे बारापैकी जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये पक्षी एकाच दिशेला बघतोय, मार्गदर्शकाच्या मुठीकडे. पंगतीचे फोटो मी बार्शीत बसून काढतो, त्यासाठी उजनीला यायची गरज नव्हती.

तुमचा माणूस सगळ्यांनाच सरसकट "सीगल" म्हणत होता. तिथे बरेचसे तपकिरी डोक्याचे कुरव होते. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरंच असतं, कानापाशी काळसर डाग तेवढा उरतो. पण प्रौढ पक्ष्याचं बुबुळ फिकट असतं आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद. एवढा फरक दाखवला असता तरी निम्मे पैसे वसूल झाले असते. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करून हा पक्षी खाली उतरतो, इथे मासे, किडे, पाण्यावर तरंगणारं काहीबाही उचलून जगतो. त्याला तळलेलं बेसन आणि मीठ कशाला?

रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) तर विचारूच नका. उथळ पाण्यात चोची उलट्या बुडवून ते निवांत चरत होते. उडतानाचे फोटो हवेत म्हणून मार्गदर्शकानं मोटार चालू ठेवून होडी सरळ थव्यात घालायला लावली. रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही, पाण्यावर पळत जाऊन उठावं लागतं. ते पळाले, उठले, लांब जाऊन बसले आणि आम्ही पुन्हा मागे. तीन वेळा. होडीवाले दादा हळूच म्हणाले, "काय करणार, पाहुण्यांना हेच पायजे म्हणत्यात." त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं हेही येतं. ते तुम्हाला किती लागू होतं, हे तुमच्या वकिलाला विचारा.

सोमवारी सकाळी मी त्याच दादांना वेगळे पैसे देऊन पुन्हा गेलो. मोटार बंद, नुसता बांबू. दीड तासात अकरा फ्रेम कामाच्या मिळाल्या. एक नदी सुरय पक्षी हवेत थरथरत थांबला आणि सूर मारून रिकाम्या चोचीनं वर आला. एका कुरवानं मेलेली चिलापी मासळी उचलली, दुसऱ्यानं ती पळवली. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

तुमच्या कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळालं, "पण सर, फोटो तर भारी आलेत ना?" आणि दोनच दिवसांत सहलीच्या ग्रुपवर मी टाकलेला माझाच एक फोटो, शेव खोडून, "अस्सल जंगली क्षण" म्हणून तुमच्या जाहिरातीत झळकला. मला विचारलं नाही. मूळ फाइल माझ्याकडे आहे, शेवेसकट.

तरी पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत 5,500 रुपये परत करावेत आणि तो फोटो सगळीकडून काढावा. लेन्सचं भाडं मागत नाही, ते सोमवारी वसूल झालं. पुढच्या तुकड्यांसाठी शेव आणि थव्यात होडी घालणं बंद केल्याचं लेखी कळवावं. नाहीतर ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.

आपला,
(सही)
11 जानेवारीच्या सकाळच्या तुकडीतील ग्राहक, बार्शी

सोबत : पैसे भरल्याची पावती, पत्रक, तुमच्या जाहिरातीची प्रत, मूळ फोटो (चोचीचा भाग मोठा करून).