लोखंडी नांगर भंगारात घालू नका

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतून भंगारवाला एक लोखंडी नांगर किलोवर घेऊन गेला. जीव हळहळला. किर्लोस्करवाडी, म्हणजे किर्लोस्करांच्या कारखान्याची वसाहत, १९१० साली आपल्याच जिल्ह्यात वसली. असे नांगर, कडबा कापायची यंत्रं तिथून गावोगाव गेली. वडिलांचं हातयंत्र मी अजून तेल घालून ठेवलंय, मूठ घासून गुळगुळीत झालीय.

कडब्याची गंज, म्हणजे पेंढ्यांचा मोठा ढीग, रचणंही आता मोजक्यांनाच येतं. खाली दगड, बुडखे बाहेर, शेंडे आत, वर उतरती शाकार. पेंढ्या फेकून खांदे भरून येतात, मानेत कडब्याची बारीक कुसळं शिरतात; पण भर पावसाळ्यात आतली पेंढी कोरडी निघते.

ग्रामपंचायतींनी ही अवजारं शाळेत मांडावीत आणि जाणती माणसं आहेत तोवर पोरांना गंज रचायला शिकवावं.

– एक शेतकरी, आटपाडी (जि. सांगली)