'भारीच!' ऐकून करायचं काय?

संपादक महोदय,

चित्र दाखवलं की लोक दोनच गोष्टी बोलतात, एकतर 'भारीच!' नाहीतर 'काहीतरी चुकतंय बघ', आणि दोन्हीचा काडीचा उपयोग होत नाही. मध्यंतरी एका पोर्ट्रेटवर मी महिनाभर घासत बसलो होतो, मित्राने एवढंच म्हटलं की डावा डोळा जरा वर गेलाय, आरशात बघ. आरशासमोर धरलं तर अख्खा चेहरा तिरका! नजर सरावलेली, त्यामुळे इतके दिवस दिसलंच नव्हतं. असं नेमकं बोट ठेवणारं कोणी मिळत नाही हो.

पण ऐकून घेणंही सोपं नाही. मी आधी लगेच सफाई द्यायचो, 'ते मुद्दाम तसं ठेवलंय' (साफ खोटं). आता तोंड मिटून वहीत लिहून घेतो, दोन दिवसांनी वाचतो, निम्मं पटतं निम्मं सोडून देतो. आणि दाखवतानाच सांगावं की बाबा हे कच्चं स्केच आहे, फक्त रचना बघ, नाहीतर समोरचा बिचारा शेडिंगवरच घसरतो.

न मागता सल्ले देणाऱ्यांवर वेगळं पत्र लिहीन.

– एक हौशी चित्रकार