नववीच्या वर्गात होलोकॉस्ट शिकवताना : एका निवृत्त शिक्षिकेस जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

माझ्या नववीच्या वर्गासाठी आपण जे केलेत त्याबद्दल फोनवर आभार मानू लागले की आपण लगेच घटक चाचणीची चौकशी करून विषय बदलता. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव कुठेही येऊ देऊ नये ही आपली अट मी पाळली आहे. आपण दाखवलेली वाट मात्र माझ्यापुरती ठेवणे मला योग्य वाटत नाही, कारण हा भाग शिकवताना अडखळणारे इतिहासाचे शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांतील फार थोड्यांना आपल्यासारखी ज्येष्ठ सहकारी लाभते.

सीबीएसईच्या नववीच्या पुस्तकात आपण दोघींनी शिकवलेला नाझीवादाचा धडा १९४५ च्या वसंत ऋतूत अंथरुणात पडून आईवडिलांचे बोलणे ऐकणाऱ्या हेल्मुट नावाच्या ११ वर्षांच्या जर्मन मुलापासून सुरू होतो. पुढे व्हर्सायचा तह, चलनाची घसरण, वायमार प्रजासत्ताक, १९२९ ची मंदी असे टप्पे घेत ज्यूंच्या संहारापर्यंत, म्हणजे होलोकॉस्टपर्यंत, पोहोचेतो वाट्याचे तास संपत आलेले असतात. त्यातच आपल्याकडील मुलांना हिटलर आधीच माहीत असतो. स्टेशनाबाहेरच्या पदपथावर त्याचे आत्मचरित्र यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांना खेटून मांडलेले असते, मोबाइलवर त्याच्या भाषणांच्या चित्रफिती फिरत असतात, आणि घरातल्या कडक आजोबांना कौतुकाने हिटलर म्हणण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. साहजिकच वर्गात पहिला हात वर होतो तो "पण टीचर, त्याने देशाला शिस्त लावली ना?" हे विचारण्यासाठी. असे विचारणाऱ्या मुलाला रागावून गप्प बसवले, तर प्रश्न फक्त वर्गातून जातो आणि मधल्या सुट्टीत पुन्हा निघतो, हे आपण मला पहिल्याच भेटीत बजावले होतेत.

आपण बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातील, असल्यामुळे २७ जानेवारीचा होलोकॉस्ट स्मृतिदिन जवळ आला की एखाद्या शाळेकडून अनुभवकथनाचे आमंत्रण येते, हेही आपण त्याच भेटीत हसत हसत सांगितलेत. आपले पूर्वज कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नांदले. अलिबागच्या किनाऱ्यावर नाझी कधी आले नाहीत. "मी कसली साक्षीदार? ज्यांच्यावर गुदरले त्यांनी लिहून ठेवले आहे आणि ज्यांनी केले त्यांनीही लिहून ठेवले आहे. मुलांपुढे मला उभे करू नका, ते कागद ठेवा," असे आपण म्हणालात. माझ्या वर्गात त्यानंतर जे काही झाले, ते या एका सल्ल्यातून झाले.

बर्लिनच्या शोनेबर्ग भागातील बव्हेरियन वस्तीत १९९३ साली रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक या कलावंतांनी दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या. पाटीच्या एका अंगाला साधे चित्र असते, म्हणजे पाव, बाक किंवा मांजर असे काहीतरी, आणि दुसऱ्या अंगाला ज्यूंवर लादलेल्या एखाद्या नियमाचा मजकूर व त्याची तारीख असते. त्या धर्तीवर आपण निवडक नियम पुठ्ठ्याच्या कार्डांवर आपल्या वळणदार अक्षरात लिहून मला कुरियरने पाठवलेत. स्पष्टीकरणाची एक ओळही त्यांवर नव्हती, आणि ते मुद्दाम होते.

कार्डे पिसून दिली आणि तारखेप्रमाणे लावायला सांगितले, एवढेच मी केले. एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, त्याच महिन्यात सरकारी नोकऱ्यांतून हकालपट्टी आणि शाळांतील नव्या प्रवेशांवर दीड टक्क्याची मर्यादा. सप्टेंबर १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्व गेले आणि जर्मनांशी विवाहाला बंदी आली. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढले गेले. १९३९ च्या आरंभापासून पुरुषांनी नावात 'इस्राएल' आणि बायकांनी 'सारा' जोडायचे. जुलै १९४० पासून बर्लिनमधील ज्यूंनी दुपारी ४ ते ५ याच वेळेत वाणसामान घ्यायचे. सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरील प्रत्येकाने कपड्यावर पिवळा तारा लावायचा. १९४२ मध्ये पाळीव प्राणी ठेवायला मनाई. चार ते पाचच्या कार्डावर एका गटाने बराच वेळ खल केला. आई कामावरून सहाला सुटत असेल तर दुकानात जाणार कोण, आणि चारपर्यंत फळीवर काय उरलेले असणार, याचा हिशेब मुले आपल्या घरच्या वेळापत्रकावरून मांडत होती. मांजराचे कार्ड हातात आलेल्या मुलीने ते रांगेत ठेवलेच नाही. "याच्यात सरकारचा काय फायदा?" असे ती विचारत राहिली. त्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये असे आपण बजावले होते, म्हणून तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि सफाई कर्मचाऱ्यांना पुसू नका असे सांगितले.

तारखांची रांग लागल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला. एवढी वर्षे हाताशी होती, तर ही माणसे निघून का गेली नाहीत? १९३३ साली जर्मनीत सुमारे ५ लाख ज्यू होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि युद्ध सुरू होईपर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक देश सोडून गेलेही होते, हे मुलांना अगदी अनपेक्षित होते. जाऊ न शकलेल्यांसाठी जुलै १९३८ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावर फ्रान्समध्ये भरलेली एव्हियाँ परिषद समजून घ्यावी लागते. तिथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले, बहुतेकांनी सहानुभूती व्यक्त केली, आणि मोठ्या संख्येने निर्वासित घेण्याची तयारी दाखवली ती एकट्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाने. आपल्या मुंबईतही थोडे निर्वासित पोहोचले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांची पत्नी ज्यू होती. दोघे १९३८ नंतर मुंबईत स्थिरावले आणि पुढे हुसेन, रझा, आरा या चित्रकारांच्या पिढीला त्यांचा मोठा आधार झाला. पण युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांना शत्रुदेशीय म्हणून अटकेत टाकले, त्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते आणि त्यांतल्या अनेकांची रवानगी थेट अहमदनगरच्या छावणीत झाली. नगरला आजोळ असलेल्या एका विद्यार्थ्याला हे पटवून द्यायला मला बराच वेळ लागला.

शिस्तीचा प्रश्न आपण ज्या रीतीने हाताळायला शिकवलात, त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. माझी पहिली ऊर्मी असते ती भाषण देण्याची. आपण सांगितलेत की बेकारी कमी झाली हे नाकारू नका, ती कागदावर कशी कमी झाली ते दाखवा. १९३५ ची सक्तीची सैन्यभरती, कर्ज काढून चालवलेले शस्त्रांचे कारखाने, नोकरी सोडणाऱ्या नववधूंना दिलेली विवाहकर्जे आणि कामावरून काढलेले ज्यू हे सगळे समीकरणात घातले की नववीचे मूल स्वतःच भुवया उंचावते. त्यानंतर वानझेच्या बैठकीचे इतिवृत्त. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळच्या तलावाकाठच्या एका बंगल्यात १५ जण जमले, त्यांतील आठ जण डॉक्टरेट मिळवलेले, आणि साधारण दीड तासात युरोपातील १ कोटी १० लाख ज्यूंच्या 'अंतिम उपाया'ची, म्हणजे संहाराची, कामे खात्याखात्यांत वाटून घेतली गेली. इतिवृत्तात देशवार तक्ता आहे. त्यात अल्बानियासमोर २०० हा आकडा आहे. एवढ्या २०० जणांचीही नोंद ठेवणारी शिस्त पाहिल्यावर, ज्याने सुरुवातीला हात वर केला होता त्याने आपल्याच प्रश्नाखाली वहीत 'शिस्त, पण कशाची?' असे लिहिले. त्याला मी शाबासकी दिली नाही, कारण तिथे शाबासकी दिली की बाकीची मुले टीचरला आवडणारे उत्तर शोधू लागतात, असे आपण म्हणाला होतात. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या आपल्या अशा सूचनाच मला सर्वाधिक उपयोगी पडल्या आहेत.

वॉर्साविषयी आपण पाठवलेले टाचण मी दरवर्षी नव्याने वाचते. नोव्हेंबर १९४० मध्ये भिंत घालून बंद केलेल्या तिथल्या ज्यू वस्तीत (घेटोत) ४ लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लूम यांनी तिथे 'ओनेग शबात' नावाचा गुप्त गट उभा केला आणि रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्यांचे वेष्टनकागद, पत्रे, शाळकरी मुलांचे निबंध असे हाती लागेल ते जमवले. जुलै १९४२ मध्ये ट्रेब्लिंका या संहारछावणीकडे जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या आणि सप्टेंबरपर्यंत सुमारे अडीच लाखांहून अधिक माणसे तिकडे नेली गेली. त्याच धामधुमीत नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात इझ्राएल लिख्टेनश्टाइन या शिक्षकाने, १९ वर्षांचा डाविड ग्राबर आणि १८ वर्षांचा नाखुम ग्झिवाच यांना हाताशी धरून, कागदांनी भरलेल्या दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. प्रत्येकाने चार ओळी स्वतःच्या लिहून आत ठेवल्या. नाखुमने लिहिले की आईवडिलांची इमारत वेढली गेल्याचे कळले आहे, तो त्यांच्याकडे धावत निघाला आहे, आणि आपले नाव लक्षात ठेवा. लिख्टेनश्टाइन यांनी स्वतःसाठी स्मारक मागितले नाही. आपली, चित्रकार पत्नी गेला हिची आणि २० महिन्यांच्या मार्गालित या मुलीची आठवण राहावी, इतकेच मागितले. पेट्या सप्टेंबर १९४६ मध्ये सापडल्या, दुधाच्या दोन बरण्यांत पुरलेला दुसरा साठा डिसेंबर १९५० मध्ये मिळाला, तिसरा अजूनही मिळालेला नाही. मारल्या गेलेल्या ज्यूंचा ६० लाख हा आकडा मी आता या पेट्यांनंतरच सांगते. आधी सांगितला की मुले तो पाढ्यासारखा लिहून घेतात.

काय करू नये याबाबत आपण कठोर होतात. मुलांना कैदी आणि पहारेकरी बनवून नाटुकले बसवण्याची कल्पना एका सहकाऱ्याला फार आवडली होती. तिला आपण जो नकार दिलात, त्याने ते थोडे नाराज झाले. अर्ध्या तासाच्या खेळातून त्या यातनेची जाणीव होते असे मुलांना वाटू लागेल आणि पहारेकऱ्याचे काम वाट्याला आलेली चार मुले खूश होतील, हे आपले म्हणणे मला शंभर टक्के पटते. प्रेतांच्या ढिगांची छायाचित्रे न दाखवण्याबाबतही तसेच. वस्त्यांमधील कितीतरी छायाचित्रे मारणाऱ्यांच्या बाजूच्या लोकांनीच काढलेली आहेत, तेव्हा चित्र कोणी व कशासाठी काढले हे विचारल्याखेरीज एकही भिंतीवर लावत नाही. वॉर्साच्या त्याच वस्तीत अनाथाश्रम चालवणाऱ्या यानुश कोर्चाक यांनी १८ जुलै १९४२ रोजी तिथल्या मुलांकडून रवींद्रनाथांचे 'डाकघर' करून घेतले आणि पुढच्या महिन्यात सुमारे २०० मुलांसह ते ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढले, हा प्रसंग भारतीय मुलांना सांगण्याचा मोह कोणालाही होईल. तो तासाच्या शेवटी ठेवू नका, असे आपण सांगितलेत. शेवटी सांगितला की वर्ग रडतो, रडून हलका होतो आणि घंटा वाजते. मी तो मध्ये सांगते आणि लगेच नकाशा उघडायला लावते.

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते. पालकसभेत कोणीतरी सुचवले की होलोकॉस्टच्या धड्यानिमित्त मुलांची सहल तिकडेच न्यावी. आपण शांतपणे सांगितलेत की सहल जरूर न्या, पण त्या माणसांना पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केले होते, ती इराणमार्गे इथे आली, आणि त्यांतले बहुसंख्य कॅथलिक होते. त्यांचे दुःख वेगळे शिकवा. स्थानिक जोड मिळते म्हणून दोन इतिहास एकमेकांना शिवू नका. याच कसोटीने आपण मला जातीचा प्रश्नही पेलायला शिकवलात. ज्यूंना वेगळी बाके नेमून देणारे कार्ड पाहून एक मुलगा म्हणाला, "आमच्या आजोबांना पण वेगळे बसवायचे." तो विषय बाजूला सारायचा नाही आणि कोणाचे दुःख मोठे हे मोजायचेही नाही, म्हणून फळ्याचे दोन भाग केले आणि महाडचे १९२७ आणि बर्लिनचे १९३९ आपापल्या कारणांसह लिहिले. त्या मुलाने आजोबांना विचारून आणलेली दोन पाने मी आपल्याला पाठवली होती. त्यावर आपण लाल शाईने फक्त शुद्धलेखन तपासून परत पाठवलेत आणि खाली आजोबांना नमस्कार लिहिलात. ती पाने त्याने जपून ठेवली आहेत.

रात्री साडेनऊनंतर उचललेले फोन, टपालाने आलेली कात्रणे, ट्रेब्लिंका हा शब्द फळ्यावर लिहिताना माझा आवाज नीट राहत नाही हे ऐकून "मग आधी लिहा, नंतर बोला" हे आपले उत्तर, या सगळ्यासाठी मी आपली मनापासून ऋणी आहे. नववीच्या ब तुकडीला आता नवे सर आले आहेत आणि त्यांनाही कार्डांचा संच हवा आहे. माझ्या संचाचे कोपरे झिजल्यामुळे त्यांना छायाप्रती देण्याचा विचार होता, पण आपल्या हातचे अक्षर मिळाले तर अधिक बरे. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर लिहिण्याची परवानगी मिळाली असेल तरच, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पाठवले तरी चालेल.

आपली नम्र,
नववीची इतिहास शिक्षिका