गोधडीला ‘वापरलेले कपडे’ ठरवणाऱ्या कुरिअर कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आंतरराष्ट्रीय पार्सल विभाग, मुंबई

विषय : बीजकावरचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक) मला न विचारता बदलल्यामुळे परत आलेलं पार्सल आणि त्याबद्दल मलाच लावलेलं बिल

महोदय,

अंबाजोगाईहून न्यू जर्सीला पाठवलेलं माझं पार्सल तुमच्या कंपनीने परत आणून दिलं आणि सोबत परतीच्या भाड्याचं बिल दिलं. त्या बिलात ‘वर्गीकरण दुरुस्ती शुल्क’ अशी आणखी एक ओळ आहे. दुरुस्ती कशाची, तर मी बरोबर लिहिलेला आणि तुम्ही बिघडवलेला कोड पुन्हा बरोबर करण्याची. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. ही रक्कम मी भरणार नाही. का भरणार नाही ते लेखी कळवते आहे, कारण तुमच्या ग्राहक सेवेत दर वेळी फोनवर नवीन मुलगा असतो आणि त्याला गोधडी म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं.

आमच्याकडे बायका हाताने वाकळा, गोधड्या शिवतात, मी त्या ऑनलाइन विकते. या पार्सलात लहान बाळासाठी शिवलेली एक गोधडी होती. वरचं आणि खालचं कापड नवं, सुती. आतला थर मात्र ग्राहक बाईंच्या आजीच्या इरकली लुगड्याचा, धुऊन मऊ झालेला. लुगडं त्यांच्या आईने लातूरहून आणून दिलं होतं. तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र शिवलेले. बीजकावर मी इंग्रजीत स्पष्ट लिहिलं : हाताने शिवलेली गोधडी, तीन थर, शंभर टक्के सुती, नवीन वस्तू, भारतात तयार. एचएस कोडचे पहिले सहा आकडे ९४०४.४०. तुमच्या संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये ‘साहित्य’ अशी वेगळी चौकट आहे, तिथे खरं ते लिहिलं : आतला थर जुन्या सुती लुगड्याचा.

तुमच्या यंत्रणेने ‘जुनं’ आणि ‘लुगडं’ एवढंच उचललं आणि कोड ६३०९ करून टाकला. ६३०९ म्हणजे वापरलेले कपडे आणि इतर वापरलेल्या वस्तू. बंदरांवर गाठोडी बांधून उतरतात तो माल.

हा कोड चुकीचा आहे हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. एचएस वर्गीकरणाच्या ६३व्या प्रकरणाची तिसरी टीप काढून वाचा. ६३०९ मध्ये जाण्यासाठी मालाला दोन अटी एकदम पूर्ण कराव्या लागतात. एक, वस्तूवर वापराच्या ठळक खुणा दिसल्या पाहिजेत. दोन, माल सुटा ढिगाने किंवा गाठी, पोती किंवा तशाच बांधणीत आलेला असला पाहिजे. माझी एकच गोधडी होती, पुठ्ठ्याच्या खोक्यात, पातळ कागदात घडी घालून ठेवलेली, आणि तिच्यावर अजून कुणी झोपलंही नव्हतं. दोन्ही अटींत ती बसत नाही. याउलट ९४०४ हा मथळा, म्हणजे चार आकडी गट, अंथरूण-पांघरुणाच्या अशा वस्तूंसाठी आहे ज्यांच्या आत काही भरलेलं किंवा बसवलेलं असतं, आणि ते भरण कशाचंही असलं तरी चालतं. कापूस असो, पिसं असोत की आजीचं लुगडं. त्यावर कापडाच्या अकराव्या विभागाची टीपच सांगते की ९४व्या प्रकरणातल्या वस्तू त्या विभागात येत नाहीत, आणि ६३वं प्रकरण त्याच विभागातलं. माझी वस्तू दोनच थरांची आणि आत काही न भरलेली असती, तर ६३व्या प्रकरणात शोधाशोध करावी लागली असती, हे मलाही कळतं. म्हणूनच बीजकावर ‘तीन थर’ लिहिलं होतं.

वर्गीकरणाचा पहिला सर्वसाधारण नियम हाच आहे की मथळ्यांचे शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा पाहून ठरवायचं. वर्णनातला एखादा शब्द जुळला म्हणून कोड चिकटवायचा, असा नियम कुठे नाही. एचएस वर्गीकरणाची पद्धत जागतिक सीमाशुल्क संघटनेची आहे, १९८८ पासून चालू आहे आणि दोनशेहून अधिक देश व प्रदेश ती वापरतात. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे. पुढे भारतात आठ होतात, अमेरिकेत दहा. ते दहा आकडे तुमच्या तिकडच्या माणसाने भरले तर माझी हरकत नाही. पण पहिल्या सहांना हात लावायचा असेल तर आधी मला विचारायला हवं होतं, कारण आयात-निर्यात कोड (निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक) माझ्या नावावर आहे आणि सीएसबी-५ वर (कुरिअरने जाणाऱ्या मालाचं शिपिंग बिल) निर्यातदार म्हणूनही माझंच नाव आहे.

पुढे जे झालं त्याला विनोद म्हणावं की काय, कळत नाही. खोक्यावरच्या बीजकात नवीन गोधडी, संगणकातल्या माहितीत वापरलेले कपडे. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने पार्सल थांबवून खुलासा मागितला. तो प्रश्न तुमच्याकडे आला, माझ्याकडे पोचलाच नाही. मुदत उलटली, पार्सल परत निघालं. मुंबईत पुन्हा अडकलं, कारण वापरलेले कपडे भारतात आणायला परवाना लागतो आणि कागदावर तर तुम्ही तेच लिहिलं होतं. म्हणजे अंबाजोगाईत शिवलेली गोधडी अंबाजोगाईला परत यायला परवाना मागत होती! तोवर तिकडे बारसं होऊन गेलं. ग्राहक बाईंना मी पैसे परत केले, त्यांनी काही न मागता. लुगडं हरवलं असतं तर मात्र ते कुठल्याच पैशाने भरून निघालं नसतं.

तुमच्या एका अधिकाऱ्यांनी मला ऐकवलं, ‘मॅडम, आधी कधी कोडची अडचण आली नाही ना?’ नाही आली. कारण आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत शुल्क नव्हतं, त्यामुळे लहान पार्सलाचा कोड कुणी फारसा बारकाईने पाहत नव्हतं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. आता पार्सल एका गोधडीचं असलं तरी शुल्क लागतं आणि कोणता दर लावायचा ते ठरवताना कोड पाहावाच लागतो. हे तुमचं काम आहे, तुम्हाला माझ्याआधी ठाऊक असायला हवं. तुमच्या यादीत गोधडीसाठी अजून ९४०४.९० दिसतं, त्यावरून यादी किती जुनी आहे ते कळतं. गोधड्या-रजयांना ९४०४.४० हा स्वतंत्र उपमथळा १ जानेवारी २०२२ पासून मिळाला आहे.

याच अधिकाऱ्यांनी पुढे सुचवलं की पुढच्या वेळी ‘भेटवस्तू’ म्हणून लिहा, किंमत दहा डॉलर टाका, कटकट नको. हे मी मुद्दाम लेखी नोंदवते आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ११४एए प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर मालाच्या किमतीच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड माझ्या नावावर येईल. तुमच्या माणसांना असलं काही ग्राहकांना सांगू नका अशी तंबी द्या. अंबाजोगाईची बाई आहे, तिला काय कळतंय, असं त्यांना वाटलं असावं.

माझ्या मागण्या अशा. परतीचं भाडं आणि ‘वर्गीकरण दुरुस्ती शुल्क’ दोन्ही रद्द करा आणि जाण्याचं भाडंही परत द्या, कारण पार्सल पोचलंच नाही. शिपिंग बिलावरचा कोड सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्त करून घ्या. निर्यात झाल्यावर दुरुस्ती हवी असेल तर निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेला कागद पुरावा म्हणून लागतो, आणि माझं बीजक तो पुरावा आहे. नोंद तशीच राहिली तर माझ्या नावावर वापरलेल्या कपड्यांची निर्यात कायमची दिसेल, आणि जीएसटीच्या कागदांशी तिचा मेळ मला बसवत बसावं लागेल. शेवटची मागणी, ग्राहकाने स्वतः लिहिलेला कोड यंत्रणेने बदलला तर पार्सल निघण्याआधी त्याला संदेश गेला पाहिजे. होय किंवा नाही म्हणायला मला दोन मिनिटंही लागली नसती.

तुम्ही सेवा ऑनलाइन विकता, त्यामुळे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात मिळावं. नाही मिळालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

गोधडी सध्या माझ्याकडे आहे. ती मी पोस्टाच्या डाक घर निर्यात केंद्रातून पुन्हा पाठवते आहे, तेव्हा ‘सदिच्छा म्हणून मोफत पुनर्पाठवणी’ करायला तुमचा माणूस धाडू नये.

आपली ग्राहक,
गोधडी विक्रेती, अंबाजोगाई, जि. बीड

सोबत : मूळ बीजकाची प्रत, तुम्ही भरलेल्या सीएसबी-५ ची प्रत, परतीचं बिल, पाठवण्याआधी काढलेले गोधडीचे आणि खोक्याचे फोटो