उत्रेख्त, नेदरलँड्सहून पत्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी कमी झाली, जेवण नीट होतं, आणि नाही, मी वाळले नाही. फोनच्या कॅमेऱ्यात तसं दिसतं. आजीचे सांडगे पुरवून खाते आहे.

मोठेबाबा विचारत होते म्हणे, "गोटे मोजाचा पगार भेटते काय?" भेटतो. माझ्या गोट्यांत ऑर्बिटॉइडस नावाचा जीव आहे. हे नाव फ्रान्सच्या दॉर्बिन्यींनी 1848 मध्ये ठेवलं. एकाच पेशीचा, पण चुन्याचं कवच करणारा, दिसायला मसुराच्या दाण्यासारखा. इथे दक्षिणेला मास्ट्रिख्टच्या चुनखडीत तो सापडतो. बाहेरून पाहून जात कळत नाही. कवच बरोबर मधापर्यंत घासायचं, उजेड आरपार जाईल इतकं पातळ करायचं, मग आतल्या गर्भाची रुंदी मोजायची आणि त्याला चिकटलेले कप्पे मोजायचे. जुन्या थरात गर्भ लहान, कप्पे कमी. नव्या थरात दोन्ही वाढलेले. दोन जातींच्या मधे शेतासारखा धुरा कुठे नाही, म्हणून पुष्कळ कवचांची सरासरी काढून आपणच धुरा घालायचा. तो कुठे घालायचा यावर इथे मोठमोठे लोक भांडतात.

बाबा, माझ्या शिक्षणाचा शेतीशी संबंध नाही असं पुन्हा म्हणू नका. हा जीव 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांसोबत संपला, आणि त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता. त्याचा खडक झिजून आपली काळी माती झाली.

इथली एक तऱ्हा मात्र मला अजून पचली नाही. वाढदिवसांचं कॅलेंडर हे लोक संडासात टांगतात! त्यावर वार नसतो, साल नसतं, त्यामुळे एकदा टांगलं की जन्मभर. रोज बसल्या बसल्या नजर जाते, कुणी विसरलं जात नाही, असं त्यांचं म्हणणं. वाढदिवसाला गेलं की ज्याचा असेल त्याच्यासोबत त्याच्या आईचं, बहिणीचं, तिथे बसलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. सगळे खुर्च्यांवर गोल बसलेले, मग केकचा एक तुकडा. घरमालकीणबाईंनी आईचंही नाव त्या कॅलेंडरात लिहिलं. मी दाखल्यावरची 1 जुलै सांगितली. आई, रागावू नको, त्यांनी मानानं लिहिलं आहे.

पुसदच्या स्थळाला नाही कळवा. पोरगा चांगला असेल, पण प्रबंध झाल्याशिवाय मी कुणाला थांबवून ठेवणार नाही.

दादूच्या लग्नाला येणं जमत नाही. त्याच आठवड्यात माझे आकडे समितीपुढे ठेवायचे आहेत. तारीख बदलून मिळत नाही. म्हणजे मिळते, पण मग सगळंच पुढे जातं. असो. तिकिटाचे पैसे बाबांच्या खात्यात टाकले आहेत. तूर अजून विकली नाही असं कळलं, तर त्यातून आधी सोसायटीचं कर्ज भरा, मंडपावर उडवू नका. वहिनीला साडी माझ्याकडून, हिरवी. हळदीच्या वेळी फोन टाकीजवळ उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातात द्या, घरात रेंज येत नाही.

आपली,
पिंकी